हॉरर वेबटून, काढून घेतलेला फोन आणि खालच्या मजल्यावरचा माणूस: एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण दक्षिण कोरियात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाचं आहे. त्यांना विचारून लिहितेय, नावं बदललीत, ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत, शहर ग्योंगी प्रांतातलं आहे एवढंच सांगते. मी इथे दुभाषी म्हणून काम करते, म्हणजे शाळेतली मीटिंग, दवाखाना, सरकारी ऑफिस अशा ठिकाणी आपल्या लोकांसोबत जाते, आणि कोरियन वेबटून, म्हणजे फोनवर वाचायची कॉमिक्स, मी खूप वर्षांपासून वाचतेय, हॉररवाली तर जास्तच, त्यामुळे ह्या घरात मला बोलावलं ते दोन्ही कारणांनी. कोरियन हॉरर वाचणारी मुलं आता पुण्यात आहेत, नागपुरात आहेत, आणि आईवडिलांचा पहिला प्रश्न सगळीकडे सारखाच असतो की हे बंद करायचं का. म्हणून सविस्तर लिहिते.

पार्श्वभूमी

मुलाला आपण नील म्हणू. वय पंधरा, इथल्या मिडल स्कूलच्या तिसऱ्या वर्षाला, म्हणजे आपली नववी. बाबा इंजिनियर, आई मेघना घरी असते, सात वर्षांची धाकटी बहीण. नील दहाव्या वर्षी इथे आला आणि इंटरनॅशनल स्कूलची फी झेपणारी नव्हती म्हणून सरळ सरकारी शाळेत गेला, पहिलं वर्ष नुसतं गप्प बसून काढलं आणि मग भाषा अशी उचलली की आता फोनवर बोलला तर समोरच्याला कळत नाही हा परदेशी आहे. आईबाबांचं मात्र ऑफिस इंग्रजीत, मित्रमंडळी भारतीय, त्यामुळे कोरियन म्हणजे भाजीवाल्याशी बोलण्यापुरतं. साहजिकच घरातलं सगळं कोरियन नीलकडे आलं. गॅसवाला आला की नील, बँकेचं पत्र आलं की नील, सोसायटीच्या स्पीकरवर काही अनाउन्समेंट झाली की नील काय म्हणतायत रे. आपल्याकडच्या बऱ्याच घरात असंच असतं इथे, आणि पोरं ते करतातही, कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

वेबटून त्याच्या वर्गात सगळेच वाचतात. शाळेत जाताना बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, रात्री नवीन भाग पडला की लगेच. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, वेबटूनला पानं नसतात, एक लांबच लांब उभी पट्टी असते आणि अंगठ्याने खाली सरकवत जायचं. कांग फुल नावाच्या लेखकाने २००३ मध्ये दाउम ह्या पोर्टलवर असं सरकवत वाचायची लांब गोष्ट सुरू केली आणि ती तुफान चालली, तिथून हा फॉर्म बसला असं धरतात. आणि पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, त्याने ‘अपार्टमेंट’ नावाची भयकथा आणली, समोरच्या बिल्डिंगमधल्या खिडक्यांचे लाइट रोज रात्री ९ वाजून ५६ मिनिटांनी एकदम जातात. म्हणजे वेबटून नीट उभं राहतंय तोवरच हॉरर आत शिरलं होतं, आणि ते कुठल्या जुन्या वाड्यात नाही, आपण राहतो तसल्या फ्लॅटच्या बिल्डिंगमध्ये.

हे मुद्दाम सांगतेय कारण नील जे वाचत होता ते सगळं घराबद्दलच होतं. सगळ्यात जास्त तो ‘तायिनुन जिओगिदा’ वाचायचा, इंग्रजीत ‘स्ट्रेंजर्स फ्रॉम हेल’ म्हणून आहे, किम योंग-कीचं, नेव्हर ह्या पोर्टलवर २०१८ आणि २०१९ मध्ये आलेलं. त्यात युन जोंग-उ नावाचा तरुण गावाकडनं सोलला येतो, ओळखीच्या सिनियरच्या कंपनीत नोकरी, पैसे नाहीत म्हणून गोशिवॉनमध्ये खोली घेतो. गोशिवॉन म्हणजे परीक्षेची तयारी करणाऱ्यांसाठी सुरू झालेल्या स्वस्त खोल्या, पलंग आणि टेबल मावेल एवढीच जागा, बाथरूम आणि किचन बहुतेक ठिकाणी सगळ्यांत मिळून, आणि मधल्या भिंती इतक्या पातळ की शेजारच्याने कूस बदलली तरी कळतं. शेजारी विचित्र आहेत. कोणी काही करत नाही, नुसतं बघतात, हसतात, गोड बोलतात. जोंग-उ ज्याला सांगेल तो म्हणतो तू दमलायस, तुला भास होतायत. त्या गोष्टीत भीती रक्ताची कमी आणि ह्या ‘तुला भास होतायत’ची जास्त आहे.

‘बास्टर्ड’ (किम कार्नबी आणि ह्वांग यंग-छान, २०१४ ते २०१६) पण त्याने वाचलं होतं, तिथे मुलाला माहितीये की आपला बाप खुनी आहे आणि बाहेर सगळं जग बापाला सज्जन समजतं. त्याच जोडीचं ‘स्वीट होम’ही झालं होतं. मला विचाराल तर कोरियन सायकोलॉजिकल हॉररमधली बरीचशी ताकद ह्या एका गोष्टीत आहे, पोराला सगळं दिसतंय आणि मोठ्या माणसांना पटत नाही. राक्षस, खुनी वगैरे नंतर.

अडचण कशी समोर आली

इथे शाळेचं वर्ष मार्चमध्ये सुरू होतं. मे महिन्यात क्लासटीचरचा फोन आला की नील वर्गात झोपतो. कोरियात वर्गात झोपणारी मुलं कमी नाहीत, पण हा आधी कधी झोपायचा नाही म्हणून बाईंनी कळवलं. मेघनाने घरी लक्ष ठेवलं तर रात्री दोन-तीनपर्यंत त्याच्या खोलीत लाइट. लिफ्टने एकटा येईना, जिने चढून यायचा. दाराशेजारी व्हिडिओ डोअरफोन असतो ना भिंतीवर, बेल वाजली की स्क्रीनवर बाहेरचा माणूस दिसतो, त्याच्यावर त्याने टॉवेल टाकून ठेवलेला, ती काढायची आणि हा परत टाकायचा. बहीण घरात धावली की अंगावर ओरडायचा, इतका की ती रडायला लागायची.

आणि मग दप्तरात ते चित्र सापडलं. गणिताच्या वहीची पानं फाडून एकाखाली एक सेलोटेपने चिकटवलेली, दोन हात पसरून धरलं तरी खाली लोंबेल एवढी पट्टी. पेन्सिलने काढलेलं. वरती घराबाहेरची गॅलरी, तिच्यात माणूस कोणी नाही. मग बराच वेळ काहीच नाही, नुसता पांढरा कागद. मग दार. मग परत पांढरा कागद. मग दाराच्या भोकातून दिसतो तसा गोल, फुगलेला एका माणसाचा चेहरा, हसणारा. शेवटच्या पानावर तोच चेहरा पूर्ण पानभर आणि खाली कोरियनमध्ये एक ओळ.

मेघना घाबरली, तिला ती ओळ वाचता येत नव्हती. संध्याकाळी बाबांनी, संजयने, फोन तपासला तर वेबटूनची दोन ॲप, आणि त्यातल्या दुसऱ्या ॲपमध्ये १९ च्या वरचं, म्हणजे फक्त मोठ्यांसाठीचं, एक वेबटून निम्म्याहून जास्त वाचून झालेलं. त्याचं नाव लिहीत नाही कारण नाव वाचून कोणीतरी शोधायला जाईल. एका घरात एका माणसाला कोंडून ठेवलंय आणि त्याचे हाल, शरीराचे आणि मनाचे, आणि त्यातच प्रेमाची सरमिसळ, असा विषय. मोठ्या माणसाने ठरवून वाचायची गोष्ट आहे ती, पंधरा वर्षांच्या मुलाने रात्री दोन वाजता एकट्याने वाचायची नाही.

पहिला निर्णय: फोन काढून घेतला

संजयने त्याच रात्री फोन काढून घेतला. मला त्याचा राग समजतो. पोरगं झोपत नाही, असली चित्रं काढतंय आणि फोनमध्ये हे सापडतंय म्हटल्यावर कोणताही बाप दुसरं काय करेल. त्याच्या डोक्यात सरळ हिशोब होता, हॉरर वाचतो म्हणून घाबरतो, वाचायचं बंद केलं की घाबरायचं बंद. नील काहीतरी सांगायला लागला तर त्याला म्हणाला, “हे सगळं त्या कार्टूनमुळे डोक्यात भरलंय तुझ्या, चार दिवस बंद ठेव, आपोआप जाईल.”

चार दिवस होण्याआधीच जे झालं ते असं. मेघना धाकटीला तायक्वांदोच्या क्लासवरून आणायला गेली होती, नील घरी एकटा. बेल वाजली. त्याने टॉवेल उचलून बघितलं आणि परत सोडला. बेल वाजत राहिली, मग दार ठोकणं. आईला फोन करायला हातात फोन नाही, लँडलाइन इथे कोणाकडे असते. मेघना वर आली तेव्हा बाहेर कोणी नव्हतं, दार आतून लॉक, साखळी लावलेली, आणि नील बाथरूममध्ये टबाच्या आत बसलेला. साखळीमुळे ती आत जाऊ शकेना आणि त्याला तिचा आवाज ओळखून बाहेर यायलाही बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी तिने मला फोन केला.

चित्रात काय होतं

मला तिने आधी चित्राचा फोटो पाठवला, म्हणाली ताई हे त्या वेबटूनमधलं कॉपी केलंय का बघ. स्टाइल तीच होती, तो हसणारा चेहरा, ते पांढरे गॅप. वेबटूनमध्ये हा गॅपच खरं काम करतो, छापील कॉमिकमध्ये पान उलटायच्या आधी नजर पलीकडच्या चौकटीवर जातेच पण इथे अंगठा सरकवल्याशिवाय पुढचं दिसत नाही, आणि सरकवणारे तुम्हीच, त्यामुळे त्या दारापर्यंत तुम्ही आपल्या पायाने चालत गेल्यासारखं होतं. नीलला हे नीट कळलेलं होतं, चित्र म्हणून चांगलं होतं ते, खरंच.

पण गोशिवॉनच्या कॉरिडॉरला लहान मुलीची सायकल नसते. चित्रातल्या गॅलरीत पुढे बास्केट असलेली छोटी सायकल होती आणि दारावर घराचा नंबर होता, त्यांच्याच घराचा. खाली लिहिलेली ओळ होती, “वरच्या घरातल्या मुला, मला सगळं ऐकू येतं.”

मी मेघनाला विचारलं, खालच्या मजल्यावर कोण राहतं?

आता इथे कोरियातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. वरच्या घरातला आवाज खाली जाणं हा इथे फार मोठा प्रश्न आहे, त्यावरून मारामाऱ्या झाल्यात, खून झालेत. बहुतेक बिल्डिंगी काँक्रीटच्या भिंतींवर उभ्या, कॉलम-बीमच्या नाहीत, त्यामुळे धप्प आवाज झाला की तो भिंतीतून कुठूनही कुठेही जातो. सरकारने २०२३ मध्ये मर्यादा अजून कडक केली, पावलांच्या वगैरे आवाजाला एका मिनिटाच्या सरासरीने दिवसा ३९ आणि रात्री ३४ डेसिबल, आधी ४३ आणि ३८ होती. तक्रारींसाठी २०१२ पासून वेगळं केंद्रच आहे. म्हणजे कोणी वर येऊन दार वाजवलं तर त्यामागे वेडेपणाच असतो असं नाही, खालच्या माणसालाही त्रास खराच असतो.

खालचा माणूस फेब्रुवारीपासून वर येत होता. पहिल्यांदा मेघनाने दार उघडलं होतं, तिला काही कळेना म्हणून तिने हाक मारली, “नील, बघ रे हे काय म्हणतायत.” नील बोलला, माफी मागितली, माणूस हसून गेला. मेघनाच्या मते विषय संपला. पण त्या माणसाला हे कळलं की ह्या घरात बोलता येणारा हा मुलगाच आहे. मग तो लिफ्टमध्ये भेटला की नीलशीच बोलायचा, गॅलरीत थांबवायचा, आणि घरी आईबाबा नसतानाही बेल वाजवायचा. नेहमी सभ्य भाषेत, नेहमी हसून. काल रात्री सव्वा अकराला तुम्ही पाणी प्यायला उठलात ना, मला ऐकू आलं. तुमची बहीण आज शाळेतून लवकर आली वाटतं. ह्यातलं एकही वाक्य धमकीचं नाही. पोलिसाला सांगायला गेलात तर तो विचारेल मग झालं काय.

नीलने घरी हे एप्रिलमध्ये सांगितलेलं होतं. पण त्याने सौम्य करून सांगितलेलं, “खालचे अजोशी म्हणतात आवाज येतो” (अजोशी म्हणजे काका), कारण आईला टेन्शन येऊ नये असं त्याला वाटायचं, दुभाषाचं काम करणारी मुलं हे सर्रास करतात, वाईट बातमी घरात येताना गाळून येते. आणि मे महिन्यात जेव्हा तो पूर्ण सांगायला लागला तेव्हा समोर ते चित्र आणि तो फोन होता.

मी त्याला भेटले तेव्हा त्याचं पहिलं वाक्य होतं, “मावशी, तुम्ही पण तेच म्हणणार ना, कार्टून वाचून डोक्यात गेलंय?” मी म्हटलं नाही, पण मला सांग तू ते एवढं परत परत का वाचतोस. तर म्हणाला, “त्यात तो खरं बोलत असतो. वाचणाऱ्याला तरी माहीत असतं की तो खरं बोलतोय.”

पर्याय काय होते

त्या रविवारी आम्ही चौघं बसलो, नीलसकट. त्याच्याशिवाय बसायचं असं संजयचं मत होतं, मेघनाने ऐकलं नाही आणि ते बरं झालं.

फोन महिनाभर बंदच ठेवायचा हा संजयचा पर्याय होता. विरुद्ध कारण सगळ्यांच्या समोर होतं, दारावर माणूस असताना पोराकडे फोन नव्हता. शिवाय वर्गाचा ग्रुप, ग्रुप प्रोजेक्ट, सगळं त्यावर, मुलगा आधीच एकटा पडलेला आणि अजून एकटा पडणार. ह्याच्या अगदी उलट पर्याय म्हणजे वेबटूनचा ह्याच्याशी काही संबंध नाही, सगळं खालच्या माणसामुळे आहे, त्यामुळे वाचू दे काय वाचायचं ते. मेघनाला अपराधी वाटत होतं म्हणून ती तिकडे झुकत होती. पण तेही खरं नव्हतं. नीलने स्वतः सांगितलं की त्या १९ वाल्या गोष्टीतलं एक चित्र डोळे मिटले की समोर येतं, त्याला ते वाचायचं नव्हतं पण थांबताही येत नव्हतं. म्हणजे ह्या घरात दोन वेगवेगळ्या गोष्टी चाललेल्या होत्या आणि त्यांची गाठ बसलेली होती. एक वेबटून त्याला आधार देत होतं, दुसरं त्याला इजा करत होतं, दोन्ही ‘कोरियन हॉरर’च. आणि भीतीचं मूळ तिसरीकडेच होतं.

पोलिसात जायचं का हाही विषय झाला. मी म्हटलं आधी सोसायटीचं मॅनेजमेंट ऑफिस, कारण पहिल्याच पायरीला पोलीस आले की खालचा माणूस आणि हे कुटुंब ह्यांच्यात बोलणं कायमचं बंद होतं, आणि राहायचं तर त्याच बिल्डिंगमध्ये आहे. पण तो परत मुलगा एकटा असताना आला तर मात्र थांबायचं नाही, ११२ लावायचा, असं तिथेच ठरलं. घर बदलणं शक्य नव्हतं, इथे भाड्याच्या घराचं डिपॉझिट म्हणजे प्रचंड रक्कम अडकलेली असते.

दवाखान्यात नेण्याबद्दल मी आग्रह धरला नाही पण शाळेतल्या समुपदेशकाबद्दल धरला. इथल्या पुष्कळ शाळांत ‘वी क्लास’ म्हणून समुपदेशनाची खोली असते, मूल स्वतः कोरियनमध्ये बोलू शकत असेल तर फार उपयोगी.

काय केलं

सगळ्यात आधी दाराचं. सोमवारी संजयने अर्धा दिवस सुट्टी घेतली, मी सोबत, आम्ही मॅनेजमेंट ऑफिसमध्ये गेलो आणि लिहून दिलं की यापुढे आवाजाची तक्रार ऑफिसमार्फत करावी, आमच्या मुलाशी ह्याबद्दल बोलू नये. तारखा नीलने वहीत लिहून ठेवलेल्या होत्या, महिनोन्महिन्यांच्या, वेळेसकट. ऑफिसमधल्या माणसाने वही बघितली आणि संजयने पण, तिथे पहिल्यांदा. तो नंतर खाली येऊन बराच वेळ काही बोलला नाही.

ऑफिसने खालच्या माणसाशी बोलणं केलं. त्याचीही बाजू ऐकली पाहिजे, संध्याकाळी धाकटी खरंच धावायची, त्याचा त्रास त्याला होता, म्हणून ह्यांनी हॉलभर जाड मॅट टाकल्या. रात्रीचे जे धक्के तो सांगत होता ते मात्र ह्यांच्या घरातले नव्हते, हे लोक गावाला गेले होते त्या रात्रीचीही त्याची तक्रार होती. ते कुठून येतात हे शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही.

घरात नियम केला की दाराशी, फोनवर, सोसायटीत, नील बोलणार नाही. संजय भाषांतराचं ॲप वापरेल, मोडकंतोडकं बोलेल, नाहीतर मला फोन करेल.

मग फोनचं. फोन परत दिला पण त्याआधी एक गोष्ट शोधली, हा मुलगा १९ च्या कुलपातून आत गेला कसा. कोरियात हे कुलूप नुसतं ‘माझं वय अठरापेक्षा जास्त आहे’ला टिकमार्क करण्याचं नसतं, मोबाइल कंपनीमार्फत ओळख पटवावी लागते, नाव, जन्मतारीख, नंबर टाकला की कोड येतो आणि तो कंपनीच्या नोंदीशी जुळतो. गंमत नाही, चांगलं कडक आहे. पण हे लोक कोरियात आले तेव्हा सोपं पडतं म्हणून दुकानदाराने सगळी सिम संजयच्या नावावर काढून दिलेली. म्हणजे नीलने बाबांचं नाव आणि जन्मतारीख टाकली, कोड त्याच्याच हातातल्या फोनवर आला, आणि ॲपच्या दृष्टीने वाचणारा माणूस चाळिशीचा. आणि एप्रिल २०१५ पासून इथे अल्पवयीन मुलाच्या नावावर कनेक्शन घेतलं की कंपनीला घातक मजकूर अडवणारी सोय द्यावी लागते, तीही अर्थात मिळालेली नव्हती कारण कागदावर मूल नव्हतंच. सिम नीलच्या नावावर करून घेतलं. परदेशात राहणाऱ्या, खासकरून कोरियातल्या आपल्या लोकांनी घरातली सिम कोणाच्या नावावर आहेत हे एकदा बघाच, ह्या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात सोपी आणि सगळ्यात उपयोगी गोष्ट ही होती.

वाचायचं काय करायचं ह्याला थोडा वेळ लागला. ‘स्ट्रेंजर्स फ्रॉम हेल’ बंद केलं नाही. मेघनाने ते इंग्रजीत उघडलं आणि नीलसोबत वाचायला घेतलं, दिवसा, हॉलमध्ये, एका वेळी एकच भाग. हे साप्ताहिक मालिकेसारखं येत होतं तेव्हा दोन भागांमध्ये आठवडा असायचा, तेवढ्यात शाळा, खेळ, जेवणं होतात आणि भीती निवते. सगळे भाग तयार असताना रात्रीत पंचवीस वाचले तर मेंदूला तो आठवडा मिळतच नाही, एक भाग दुसऱ्यावर चढत जातो. मला वाटतं वयाच्या आकड्याइतकंच हेही महत्त्वाचं आहे आणि ह्याबद्दल कोणी बोलत नाही.

वाचताना मेघना प्रश्न विचारायची, साधे. हा हसतोय ते तुला कसं वाटतं. ह्याने कोणाला सांगायला हवं होतं. तिसऱ्या-चौथ्या भागाला नील म्हणाला, “आई, ह्याने इथेच घर सोडायला पाहिजे होतं पण पैसे नाहीत ना त्याच्याकडे.” आणि मग बराच वेळ तो स्वतःच्या घराबद्दल बोलला, डिपॉझिट अडकलंय हे त्याला माहीत होतं, आपण सांगितलं तर आईबाबांना घर बदलावं लागेल आणि पैसे जातील, हेही त्याच्या डोक्यात होतं. हे तो गोष्टीवरून बोलता बोलता बोलला, समोर बसवून विचारलं असतं तर बोलला असता असं मला वाटत नाही.

वी क्लासच्या बाईंनी त्याला दुसऱ्याच भेटीत स्पष्ट विचारलं की मरून जावंसं वाटतं का. मेघनाला हे ऐकून धक्का बसला, असं विचारतात का मुलाला, नको ते डोक्यात जाईल. पण सरळ विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही, उलट मुलाला कळतं की ह्यावर बोलता येतं, आणि ‘स्वीट होम’चा हिरो गोष्टीच्या सुरुवातीला मरायचं ठरवून बसलेला असतो, नीलने ते वाचलेलं होतं, त्यामुळे विचारणं गरजेचंच होतं. नील नाही म्हणाला, झोप लागली की बरं वाटेल म्हणाला. बाईंनी त्याला १३८८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर फोनमध्ये सेव्ह करून दिला, तो चोवीस तास चालतो.

निकाल

खालचा माणूस त्यानंतर एकदाच वर आला. संजयने दार उघडलं, ॲप समोर धरलं, आणि कितीतरी वेळ दोघं ॲपमधून एकमेकांशी बोलले. परत आला नाही. लिफ्टमध्ये दिसतो, मान डोलावतो.

झोप एकदम आली नाही. जूनच्या शेवटापर्यंत लाइट चालूच होता, मग छोटा नाइटलॅम्प, मग तोही कधीतरी बंद झाला. ते डोळ्यासमोर येणारं चित्र सगळ्यात शेवटी गेलं, खालच्या माणसाची भीती जाऊनही ते काही आठवडे राहिलं, आणि हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण कोणी म्हणेल की बघा वेबटून निर्दोष होतं. ते एक तरी नव्हतं. सिम बदलल्यावर नील थोडा चिडला, वर्गातली बाकीची मुलं काहीतरी करून वाचतातच म्हणाला, पण अर्ध्यावर राहिलेलं ते परत मागितलं नाही.

मेघनाने ‘स्ट्रेंजर्स फ्रॉम हेल’ निम्म्यात सोडलं, तिला झेपेना, नीलने तिला पुढचं तोंडी सांगितलं. डोअरफोनवरचा टॉवेल गेला. दार तो अजून उघडत नाही, आणि उघडायचं नाही असंच ठरलंय त्यामुळे त्यात काही बिघडलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

फोन काढून घेणं हा सगळ्यात खर्चिक निर्णय ठरला, पण चूक फोन घेण्यात तेवढी नव्हती जेवढी घेताना न विचारण्यात होती. तू काय वाचतोस हे विचारलं गेलं, त्यात तुला काय दिसतं हे नाही. आणि चित्र चार दिवस घरात होतं, त्यावरची सायकल मेघना रोज उचलून बाजूला ठेवते, तरी दिसली नाही, कारण वेबटूनचंच चित्र आहे हे आधीच ठरलेलं होतं. कारण हाताशी सापडलं की माणूस पुढे बघायचं थांबतो.

शाळेला फेब्रुवारीतच सांगता आलं असतं का, तर नाही, कारण तेव्हा कोणाला काही माहीतच नव्हतं. पण पहिल्यांदा दार वाजलं तेव्हा मुलाला पुढे करायच्या ऐवजी ऑफिसला फोन केला असता तर त्या माणसाला नील सापडलाच नसता.

एका गोष्टीवर अजून एकमत नाही. संजयचं म्हणणं आहे की हॉरर डोक्यात नसतं तर मुलगा त्या माणसाला एवढा घाबरला नसता, साधा कटकट्या शेजारी म्हणून सोडून दिलं असतं. मेघना म्हणते हॉरर वाचलेलं होतं म्हणूनच त्याला कळलं की हसून बोलणारा माणूसही हद्द ओलांडत असतो, आणि त्याने तारखा लिहून ठेवल्या. मी मेघनाच्या बाजूची आहे. गोशिवॉनमधला जोंग-उ पुरावा गोळा करत नाही म्हणून त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, हे नीलने मला वहीबद्दल विचारल्यावर सांगितलं होतं. पण संजयचं म्हणणं मी खोडून काढू शकत नाही, कारण त्या १९ वाल्या गोष्टीशिवाय नील त्या दुपारी टबात जाऊन बसला असता का, हे नीलला स्वतःलाही सांगता येत नाही.